धाग्यालाही कान असतात

आप्पांना कुठूनही हाक मारा, ते उजवीकडेच वळतात. हाक डावीकडून आलेली असो, माडीवरून आलेली असो. घरात सगळ्यांना याची सवय झालीय. लहान पोरं तर मुद्दाम डावीकडून हाक मारून पळून जातात आणि आप्पा उजवीकडच्या भिंतीला विचारतात, "काय रं?"

आप्पा म्हणजे माझे आजोबा. इचलकरंजीत बत्तीस वर्षं ते यंत्रमागावर होते. त्यांचे दोन्ही कान जवळपास सारखेच गेलेत, पण कानाचं मशीन एकच आहे, उजव्या कानातलं. तेव्हा दोन घेणं परवडलं नाही. आता मी कमावतोय तर ते दुसरं घ्यायला तयार नाहीत. "हाय त्येच कपाटात असतंय," म्हणतात. गेल्या पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना त्यांना मोटारसायकलचा हॉर्न ऐकू आला. ऐकू आला, हे लक्षात घ्या. कुठून आला ते मात्र कळलं नाही. ते चटकन बाजूला झाले, आणि नेमके गाडीच्याच बाजूला झाले. मनगटाच्या प्लास्टरवर निभावलं.

आवाज येणं आणि आवाज कुठून येतोय हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या प्लास्टरमुळे समजलं. मी इंजिनियर आहे, म्हणजे खरं तर आधीच समजायला हवं होतं. पण मी सॉफ्टवेअरवाला. माझा आवाजाशी संबंध हेडफोनपुरता. मग रात्री जेवण झाल्यावर फोनवर शोधत बसलो आणि २०२२ सालच्या 'नेचर'मधल्या एका शोधनिबंधापाशी येऊन थबकलो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये वेई यान, योएल फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कापड विणलं होतं. त्या कापडाला ऐकू येत होतं. नुसतं ऐकू येत नव्हतं, टाळी कुठल्या दिशेने वाजली हेही त्याला कळत होतं.

ज्या माणसाचे कान कापड विणता विणता गेले, त्याच्या नातवाने हे वाचून पुढे स्क्रोल कसं करावं? मी मागे मागे जात राहिलो. या कापडाआधी काय होतं, त्याच्याआधी काय होतं. तारा आणि धाग्यांना ऐकायला शिकवायचा खटाटोप शंभर वर्षांहून जुना निघाला, आणि त्यात तोफा निघाल्या, हृदयं निघाली, एक धनुष्यबाणही निघाला.

* * *

आधी कानांचं पाहू. आपल्याला दोन कान का आहेत, याचं नीट उत्तर लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडलं. हॉर्न डावीकडून वाजला तर आवाज डाव्या कानाशी आधी पोचतो, उजव्याशी थोडा उशिरा. हा 'थोडा' म्हणजे किती? आवाज अगदी बाजूने आला तरी सेकंदाचा साधारण दीड हजारावा भाग. मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी तो लहरींमधला हा पुढे-मागेपणा वापरतो. वरच्या पट्टीतल्या आवाजांना मधलं डोकंच आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज बारीक येतो आणि मेंदू तो फरक वापरतो. आप्पांसारख्या, गोंगाटात राबलेल्या माणसाच्या कानातून वरची पट्टी आधी जाते. उरलेल्याला मशीन आधार देतं, पण एकाच कानात. मग जगातला प्रत्येक आवाज उजवीकडूनच येतो.

म्हणजे दिशा शोधायची तर ऐकणारे निदान दोन हवेत, आणि दोघांची घड्याळं एकमेकांशी पक्की जुळलेली हवीत. वेगवेगळ्या सर्व्हरवरचे लॉग जुळवत ज्यांनी रात्री घालवल्यात, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. खरी मारामारी घड्याळांची असते.

आता धनुष्यबाण. १८८७ साली लंडनमध्ये सी. व्ही. बॉइज नावाच्या भौतिकीच्या मास्तरांना एक अतिशय बारीक धागा हवा होता. नाजूक उपकरणात टांगता येईल असा, पिळला तर पुन्हा बरोबर मूळ जागी येणारा. रेशीम चालेना, काच चालेना. त्यांनी क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीच्या स्फटिकाची कांडी एका हलक्या बाणाला जोडली, ती ज्वालेत वितळवली आणि बाण सोडला. बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रुतला आणि त्याच्यामागे डोळ्यांना धड न दिसणारा क्वार्ट्झचा धागा हवेत तरंगत राहिला. (हेच बॉइज एच. जी. वेल्सला कॉलेजात शिकवायला होते आणि वेल्सला ते कंटाळवाणे वाटायचे. वेल्सने बाणाचा प्रयोग पाहिला नसावा.)

तो धागा लवकरच माणसाच्या हृदयापाशी पोचला. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइन्टहोव्हन हृदयातून निघणारे विजेचे क्षीण ठोके मोजायची धडपड करत होते. त्यांनी क्वार्ट्झच्या बारीक धाग्यावर चांदीचा पातळ थर दिला आणि तो दोन जबर चुंबकांच्या मध्ये ताणून बसवला. धाग्यातून जराशी वीज गेली की धागा एका बाजूला झुकायचा. त्याची सावली सरकत्या फोटोग्राफिक पट्टीवर पडायची. आज डॉक्टर ईसीजीची जी नागमोडी रेघ दाखवतात, ती त्या सावलीची पणती. ते पहिलं यंत्र सुमारे २७० किलोंचं होतं, चालवायला पाच माणसं लागायची आणि रोग्याला मिठाच्या पाण्यात हातपाय बुडवून बसावं लागायचं. आइन्टहोव्हनना १९२४ साली नोबेल मिळालं. तोपर्यंत त्यांची युक्ती एक अख्खं महायुद्ध पाहून आली होती.

* * *

१९१४ साली युरोपात युद्ध पेटलं. खंदक खणले गेले आणि त्यांच्या मागे, टेकड्यांच्या आड, कित्येक किलोमीटरवर तोफा उभ्या राहिल्या. तोफ दिसायची नाही, तिचा गोळा तेवढा यायचा. शत्रूची तोफ नेमकी कुठे आहे हे कळलं तरच तिच्यावर उलटा मारा करता येणार. पॅरिसच्या वेधशाळेतल्या शार्ल नोर्दमान या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलं की तोफेचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी कधी पोचतो ते मोजा, गणित तुम्हाला तोफेपाशी नेईल. ते मोजायचं यंत्र बनवलं ल्युसियन बुल यांनी. हा डब्लिनमध्ये जन्मलेला माणूस पॅरिसमध्ये किड्यांच्या पंखांचे अतिवेगवान फोटो काढत असे. बुल यांनी आइन्टहोव्हनचीच कल्पना उचलली. फक्त एका धाग्याऐवजी सहा बारीक तारा चुंबकात वीणेसारख्या शेजारी शेजारी ताणल्या. सहा तारा, सहा ठिकाणचे सहा मायक्रोफोन, आणि सहा सावल्या एकाच सरकत्या फिल्मवर. घड्याळं जुळवायची भानगडच मिटली, कारण घड्याळ एकच. फिल्मवर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या रेघा आपोआप उमटत जायच्या.

गणित साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. 'अ' मायक्रोफोनला आवाज 'ब'पेक्षा एक सेकंद आधी पोचला, तर तोफ 'अ'ला ३४० मीटर जवळ आहे. नकाशावर अशा सगळ्या जागा जोडल्या की एक वक्ररेषा मिळते. दुसऱ्या जोडीची दुसरी वक्ररेषा. दोन्ही छेदतात तिथे तोफ. वाऱ्याचा आणि तापमानाचा हिशेब त्यात घालावा लागतो, पण गाभा एवढाच. तुमच्या फोनमधला जीपीएस उपग्रहांच्या बाबतीत जे करतो त्याचं हे चुलत भावंड.

ब्रिटिश सैन्याने हे काम शिकायला एका पंचवीस वर्षांच्या पोराला पाठवलं. विल्यम लॉरेन्स ब्रॅग त्याचं नाव. स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी उलगडल्याबद्दल त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून १९१५चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा तो बेल्जियममध्ये आघाडीवर होता. ज्या घरी तो उतरला होता तिथल्या पाद्रीबुवांनी बातमी ऐकून वाइनची बाटली उघडली. आनंद करायला मन कितपत होतं कोण जाणे, कारण दोनच महिन्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीत मारला गेला होता. वयाच्या पंचविशीत मी पहिला 'प्रमोशन'चा मेल घरच्या ग्रुपवर टाकला होता. असो.

ब्रॅगचं यंत्र काम करत नव्हतं. म्हणजे तारा उत्तम होत्या, गणित बरोबर होतं, पण मायक्रोफोन चुकीचं ऐकत होते. गोळा आवाजापेक्षा वेगाने येतो, त्यामुळे सुरुवातीला हवेत चाबूक ओढल्यासारखा एक कडकडाट पोचतो. तोफेचा स्वतःचा आवाज मागून येतो, खोल, दबका, जवळजवळ ऐकू न येणारा 'धुम्'. त्या काळचे टेलिफोनछाप मायक्रोफोन कडकडाटाला दचकायचे, बंदुकांना दचकायचे, बोलणाऱ्या माणसांना दचकायचे. ज्या एका 'धुम्'मध्ये तोफेचा पत्ता दडलेला होता, त्याला मात्र ते बहिरे होते.

उत्तर सापडलं ते संडासात. हे ब्रॅगने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून मीही संकोच करत नाही. तो राहायचा त्या घराचा संडास बंदिस्त होता. बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध फक्त बैठकीखालच्या नळीतून. जवळच ब्रिटिशांची सहा इंची तोफ होती. ती उडाली की बैठकीवर बसलेला ब्रॅग खालून येणाऱ्या हवेच्या दाबाने किंचित वर उचलला जायचा. कानाला फारसं न जाणवणाऱ्या त्या 'धुम्'मध्ये माणूस हलवण्याइतका जोर होता!

मग विल्यम टकर नावाचा एक जण त्याच्या तुकडीत आला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्याने तापलेल्या प्लॅटिनमच्या तारा वाऱ्याच्या झुळकीने कशा गार होतात यावर काम केलं होतं. तोही रात्री झोपडीत पडल्या पडल्या एक गोष्ट टिपत होता. तोफ उडाली की भिंतीच्या फटीतून त्याच्या तोंडावर गार झुळूक यायची. दोघांच्या अनुभवांची सांगड बसायला वेळ लागला नाही. त्यांनी एक पेटी घेतली, तिला भोक पाडलं आणि भोकावर एक अतिशय बारीक तार ताणून बसवली. विजेने ती तापवून ठेवली. 'धुम्' आलं की भोकातून झुळूक आत-बाहेर होणार, तार क्षणभर गार होणार, तिचा विजेला होणारा रोध बदलणार आणि दूर तळावर बुलच्या वीणेतली एक तार झुकणार. कडकडाटाची लहर इतकी उतावळी असते की तारेला गार व्हायला ती वेळच देत नाही. माणसांच्या बडबडीचंही तेच. १९१६च्या मध्यावर पहिला प्रयोग झाला आणि फिल्मवर तोफ स्वच्छ उमटली.

मला हा सगळा प्रकार फार आवडतो, आणि आवडतो म्हणून थोडा त्रासही होतो. नको ते न ऐकणं हीच या तारेची हुशारी होती. आम्ही आज त्याला फिल्टर म्हणतो आणि त्यासाठी कोड लिहितो. टकरने ते काम एका तारेच्या गार होण्याच्या वेळेवर सोपवलं. पण फिल्मवर उमटलेल्या प्रत्येक स्वच्छ 'धुम्'नंतर काही वेळाने तिथे गोळे पडत, आणि त्या तोफेभोवती विशीतली जर्मन पोरं असत. ८ ऑगस्ट १९१८ला आम्याँची लढाई सुरू झाली, तेव्हा समोरच्या बहुतेक जर्मन तोफांच्या जागा आधीच नकाशावर होत्या. त्यात विमानातून काढलेल्या फोटोंचा आणि उजेडाच्या झोतांवर नजर ठेवणाऱ्यांचाही वाटा होता. पण तारांचा वाटा मोठा.

याच तंत्राची एक फिल्म तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. मोझेल नदीजवळच्या अमेरिकन आघाडीवरची, ११ नोव्हेंबर १९१८ची. एका बाजूला सकाळी अकराच्या एक मिनिट आधीच्या सहा रेघा. थरथरणाऱ्या, दातेरी. दुसऱ्या बाजूला अकरानंतरच्या एका मिनिटाच्या सहा रेघा. सरळ. युद्ध थांबलं होतं. २०१८ साली लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसाठी या रेघांवरून तो आवाज पुन्हा घडवला गेला आणि ती क्लिप जगभर फिरली. शेवटी तोफा थांबतात आणि पाखरं किलबिलायला लागतात. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ती पाखरं फिल्मवर नव्हती, असूच शकत नव्हती. त्या तारांना पाखरं ऐकू येत नसत.

* * *

युद्धानंतर टकर इंग्लंडच्या किनाऱ्यावर गेला. आता विमानांची भीती होती. केंटमधल्या डेंज इथे त्याने काँक्रीटचे प्रचंड कान बांधले. सगळ्यात मोठी भिंत २०० फूट लांब, आत वळलेली, समोर मायक्रोफोन. समुद्रावरून येणारं विमान दिसायच्या आधी ऐकायचं, अशी योजना. विमानांचा वेग वाढत गेला, तशी इशाऱ्याला मिळणारी मिनिटं घटत गेली. १९३५ नंतर रडार आलं आणि ते कान बहिरे झाले. अजून उभे आहेत, लोक तिथे सेल्फी काढतात.

त्यानंतर धागा बदलला. धातूची तार गेली, काचेची आली, आणि विजेऐवजी प्रकाश. १९७७च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत आणि इतरत्र असं दाखवलं गेलं की पाण्यात ठेवलेल्या काचतंतूच्या वेटोळ्यावर आवाजाचा दाब पडला की आतल्या प्रकाशाची लहर किंचित पुढे-मागे होते. ती दुसऱ्या, शांत तंतूतल्या प्रकाशाशी ताडून पाहिली की आवाज सापडतो. पाणबुड्या ऐकायला हे वापरलं गेलं. पुढे तर वेटोळ्याचीही गरज उरली नाही. जमिनीत पुरलेल्या साध्या इंटरनेट केबलमध्ये लेझरचे ठोके सोडायचे. काचेतल्या सूक्ष्म खोटींवर आपटून थोडा प्रकाश परत येतो. एखाद्या जागी जमीन थरथरली तर तिथून परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो, आणि परतायला लागलेल्या वेळावरून जागा कळते. या विखुरण्याला 'रॅले विखुरण' म्हणतात. हो, तेच रॅले, दोन कानांवाले.

२०२०च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या संशोधकांनी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर समुद्रतळाच्या सुमारे १२० किलोमीटर केबलमधून देवमाशांची गाणी टिपली. केबल आधीपासून तिथे होती, लोकांचं इंटरनेट वाहायला. तिला कान फुटले एवढंच. देवमाशांसाठी मला बरं वाटलं. नंतर आमच्या बिल्डिंगखालून जाणारी केबल आठवली आणि जरा कमी बरं वाटलं.

पण काचेचा तंतू अंगात घालता येत नाही. अंगाला लागेल, धुता येईल, चुरगळला तरी चालेल असा ऐकणारा धागा करायचा तर वेगळाच पदार्थ हवा. त्याची मुळं १८८० सालात आहेत. जाक आणि पिएर क्युरी या भावांनी पाहिलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की वीज देतात. (पुन्हा क्वार्ट्झ!) पण स्फटिक कडक. १९६९ साली जपानमध्ये हेइजी कावाई यांना आढळलं की पीव्हीडीएफ नावाचं एक प्लॅस्टिक ताणून, त्यावर विजेचा जोरदार दाब देऊन ठेवलं तर तेही हा गुण दाखवतं. म्हणजे आता लवचीक पदार्थ होता. त्याचा धागा करायचा बाकी होता. २०१० साली फिंक यांच्या गटाने तो केला. तो धागा आवाज टिपायचा आणि उलट वीज दिली तर स्वतः आवाजही काढायचा.

धागा ओढायची रीत स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या कुणालाही कळेल. लाडवांसाठी पाक करताना आजी दोन बोटांत थेंब धरून बोटं फाकवते आणि 'एकतारी झाला' म्हणते. तसंच. आधी जाडजूड कांडी बनवायची, आत ऐकणाऱ्या पदार्थाचा थर, त्याला विजेच्या वाटा, बाहेर मऊ रबरासारखं आवरण. ती भट्टीत तापवायची आणि खालून ओढायची. आतले थर आपापल्या जागी राहून बारीक होत जातात आणि तार निघते. २०२२च्या धाग्यात हे बाहेरचं मऊ आवरण कळीचं ठरलं. कापड हलल्यावर पडणारा ताण ते आतल्या पातळ थरावर एकवटतं.

आणि कापड हललं तरच ना. साधं सुती कापड आवाज पिऊन टाकतं, म्हणून तर आपण पडदे लावतो. त्यावर या लोकांनी कानाच्या पडद्याकडे पाहिलं. आपला कानाचा पडदा तंतूंचाच असतो. काही तंतू मध्यापासून बाहेर पसरलेले, काही गोल फिरलेले. एका अर्थी विणलेलाच. त्यांनी ताणा सुताचा ठेवला आणि बाण्यात ट्वारॉनचा ताठ धागा घातला, जो गोळी अडवणाऱ्या जाकिटांत वापरतात. त्यात मध्येच आपला ऐकणारा धागा. कापडाच्या एकूण आकारमानात त्याचा वाटा ०.१ टक्क्यापेक्षा कमी. बोलण्याच्या आवाजाने हे कापड नॅनोमीटरमध्ये मोजावं लागेल इतकंच थरथरतं, आणि तेवढं पुरतं. सदऱ्याच्या पाठीवर असे दोन धागे शिवले की टाळीचा आवाज दोघांपाशी किंचित पुढे-मागे पोचतो. त्यावरून दिशा. तीन मीटरवरची टाळी एका अंशाच्या आत बरोबर. रॅलेचे दोन कान, पाठीवर.

दुसरा प्रयोग त्यांनी केला तो असा, की धागा सदऱ्याच्या आतून छातीवर घेतला आणि हृदयाचे ठोके ऐकले.

इथे मी फोन खाली ठेवला. आइन्टहोव्हनचा धागा हृदयासाठी होता, बुलच्या तारा तोफेसाठी. आणि शंभर वर्षांनी एकाच सदऱ्यात दोन्ही: छातीवर हृदय, पाठीवर टाळी. टाळी म्हणजे प्रयोगशाळेतली टाळी. या संशोधनाला पैसा देणाऱ्यांत अमेरिकन सैन्यही आहे. एमआयटीमध्ये २००२ पासून सैनिकांच्या गणवेशावर काम करणारी एक संस्थाच आहे. सैनिकाच्या पाठीमागे काय वाजण्याची शक्यता जास्त असते, हे सांगायला नको. संशोधकांनी बहिऱ्या माणसांचाही उल्लेख केलाय, पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचाही, आणि मला त्यांच्या हेतूंवर शंका घ्यायची नाही. पण कान गेलेल्या माणसासाठी म्हणून सुरू झालेला एकही टप्पा मला या वाटेवर सापडला नाही. तो नेहमी शेवटच्या परिच्छेदात येतो, 'उपयोग' या मथळ्याखाली.

* * *

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. पुढे गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणायला लागले. खऱ्या मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांतल्या बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून एकमेकींशी बोलायच्या, कारण मागांच्या आवाजात दुसरं काही शक्य नव्हतं. त्यांच्या त्या बोलीला नावही आहे, 'मी-मॉ'. आमच्याकडे नाव नव्हतं, बोली होती. आप्पा अजून बोटांच्या दोन खुणांनी 'कांडी संपली' सांगतात. कारखान्यात कानाला लावायला काही मिळायचं का, असं मी विचारलं होतं. "सूत होतं की," म्हणाले. सुताचा बोळा कानात. सुट्टी झाली की काढून फेकायचा.

दिवाळीत गेलो तेव्हा आप्पांना हे सगळं सांगितलं. उजवीकडे बसून, फोनवर त्या कापडाचे फोटो दाखवत. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी ह्या कापडाला ऐकू येतंय?"

"हो."

"मग आमचं कान गेलं ते कापडातच गेलं म्हण की," असं म्हणून स्वतःच हसले. आजीने आतून काय झालं म्हणून विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही.

मग त्यांनी सांगितलं की शेवटची सात-आठ वर्षं कारखान्यात त्यांना फारसं ऐकू येतच नव्हतं, पण कुठला माग बंद पडला ते पायाला कळायचं. चार मागांवर एक माणूस. फरशी चौघांनी हलायची. एक थांबला की फरशीचा ताल बदलायचा, आणि कुठल्या बाजूचा थांबला तेही पाय सांगायचा. "बघायला लागायचं न्हाई. सरळ त्याच मागाकडं जायाचं." मी त्यांना विचारलं, हे कधी कुणाला सांगितलं का? "कुणाला सांगायचं? सगळ्यांचंच पाय तसं."

फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. "ताणा कशाचा?"

"सुताचा."

"आन् बाणा?"

"ट्वारॉन म्हणून असतं. ताठ असतं, गोळी अडवायच्या जाकिटात घालतात."

त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला, जणू धागा हातात आहे. "बाणा यवढा कडक घातला तर सुताचा ताणा तुटतोय. पीक किती हाय?"

पीक म्हणजे एका इंचात आडवे धागे किती. त्यावर मजुरी ठरायची. मला माहीत नव्हतं. परत वाचून बघतो म्हणालो.

"बघ आन् सांग," म्हणाले, आणि मशीन काढून कपाटात ठेवलं.